अमेरिकेचं स्वातंत्र्य पाण्यावर कसं ठरलं: दारूगोळा, वारा आणि मालाची जहाजं

अमेरिकेची स्वातंत्र्याची लढाई म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बर्फातून चाललेलं वॉशिंग्टनचं फाटकं सैन्य येतं, नाहीतर झाडामागून गोळ्या झाडणारे शेतकरी येतात. ते सगळं झालंच, त्यात खोटं काही नाही. पण मला ही लढाई खरी कळली ती नकाशातली जमीन सोडून पाणी बघायला लागल्यावर, कारण 1775 ते 1783 या आठ वर्षांत जिथे जिथे पारडं फिरलं तिथे मागे एकच प्रश्न दिसतो, की कोणाचा माल पोचला आणि कोणाचा नाही पोचला.

आधी अंतर समजून घेऊ. इंग्लंड ते अमेरिका साधारण 5 हजार किलोमीटर, आणि वाफेची बोट अजून यायची होती, म्हणजे सगळा कारभार शिडांवर. उत्तर अटलांटिकवर वारा मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे अमेरिकेतून इंग्लंडला जाणारं जहाज महिना-सव्वा महिन्यात पोचायचं पण इंग्लंडहून अमेरिकेला येणाऱ्याला वाऱ्याच्या तोंडावर यावं लागायचं, त्याला दोन महिने, कधी तीन. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही हे आपल्याकडे लहान पोराला पण माहीत असतं, वारा आणि हंगाम ठरवतो आपण कधी निघायचं ते.

आता विचार करा, या अंतरावर हजारो सैनिकांना रोज जेवायला घालायचंय. तुम्ही म्हणाल अमेरिका तर शेतीचा देश, तिथेच घ्यायचं की धान्य! तिथेच तर घोळ होता. शहर ब्रिटिशांच्या ताब्यात पण शहराबाहेरची गावं बंडखोरांच्या ताब्यात, बाहेर गवत कापायला गेलं तरी गोळी खायची वेळ. म्हणून पीठ, खारवलेलं मांस, ओट्स, लोणी, इतकंच काय कोळसासुद्धा समुद्रापलीकडून यायचा, आणि खाण्याच्या मालाचं मोठं बंदर होतं आयर्लंडमधलं कॉर्क. 1775-76 च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये अडकलेल्या ब्रिटिश फौजेसाठी लंडनहून जहाजांचा मोठा ताफा निघाला, त्यात जिवंत मेंढ्या आणि डुकरंही भरली होती. वादळांनी ताफ्याची वाट लावली. जनावरं वाटेतच मेली, कित्येक जहाजं भरकटत थेट वेस्ट इंडीजच्या बेटांवर जाऊन लागली, काही बंडखोरांनी पकडली. 17 मार्च 1776 ला ब्रिटिशांनी बॉस्टन सोडलं, त्याचं तात्कालिक कारण टेकडीवर चढवलेल्या वॉशिंग्टनच्या तोफा होत्या हे खरं, पण उपाशी फौज तशीही तिथे फार दिवस टिकली नसती असं माझं मत.

वॉशिंग्टनची गंमत अशी की तो स्वतः जमिनीवरचा माणूस, पण ही नस त्याला पहिल्या वर्षीच सापडली. सप्टेंबर 1775 मध्ये त्याने 'हॅना' नावाची एक छोटी मच्छीमारी स्कूनर (दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट) भाड्याने घेऊन तिच्यावर तोफा बसवल्या, मग अजून काही घेतल्या, आणि खलाशी म्हणून मार्बलहेडचे मासेमारी करणारे लोक, ज्यांना त्या किनाऱ्यावरचा प्रत्येक खडक पाठ होता. लढाऊ जहाजाच्या नादाला लागायचंच नाही, एकटं दुकटं मालाचं जहाज गाठायचं, एवढीच सूचना. नोव्हेंबरमध्ये यातल्या 'ली' या बोटीने 'नॅन्सी' नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज पकडलं आणि त्यात निघाल्या 2 हजार बंदुका, ढीगभर गोळ्या आणि एक भलीमोठी पितळी उखळी तोफ. छावणीत दिवाळी झाली म्हणा ना. पण एक गोष्ट त्यात नव्हती, आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त हवी होती. बंदुकीची दारू.

या दारूबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण इथे आपला थेट संबंध येतो. बंदुकीच्या दारूत तीन गोष्टी असतात, सोरा, गंधक आणि कोळसा, आणि त्यात जवळपास तीन चतुर्थांश सोराच असतो. सोरा नाही तर दारू नाही. त्या काळात जगातला सगळ्यात चांगला आणि भरपूर सोरा यायचा बिहारमधून, पाटण्याच्या आजूबाजूच्या मातीतून, आणि 1757 च्या प्लासीनंतर तो धंदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत गेला होता. म्हणजे ब्रिटिश सैनिक अमेरिकेत जी गोळी झाडत होता तिच्या मागची दारू बहुतेक वेळा आपल्याकडच्या मातीची होती, कोणीतरी नोनिया मजुराने खरवडून, पाण्यात उकळून काढलेली. बंडखोरांकडे काय होतं? ऑगस्ट 1775 मध्ये साठा मोजला तेव्हा माणशी नऊच्या आसपास बार उडतील एवढीच दारू निघाली. हे ऐकून वॉशिंग्टन अर्धा तास एक शब्द बोलला नाही असं त्याच्याच एका सेनापतीने पत्रात लिहिलंय.

मग दारू आली कुठून? समुद्रावरून, चोरून. पहिल्या अडीच वर्षांत बंडखोरांनी जी दारू वापरली त्यातली 90 टक्क्यांच्या आसपास एकतर बाहेरून आलेली होती नाहीतर बाहेरून आणलेल्या सोऱ्यापासून केलेली. कॅरिबियन समुद्रात सेंट युस्टेशस नावाचं एक डच बेट आहे, 21 चौरस किलोमीटरचं, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात मावेल एवढं. शेतीला फार काही नाही, पण बंदर सगळ्या देशांना खुलं आणि जकात जवळपास नाहीच. अॅमस्टरडॅमहून जहाज निघायचं, कागदावर चहा नाहीतर तांदूळ आणि पेटीत दारू, ती या बेटावर उतरायची आणि रात्रीतून अमेरिकन बोटीत चढायची, नफा कित्येक पट. लोक त्या बेटाला सोन्याचा खडकच म्हणायचे. 16 नोव्हेंबर 1776 ला 'अँड्र्यू डोरिया' नावाचं अमेरिकन जहाज नवा झेंडा लावून त्या बंदरात शिरलं, त्याने तोफांची सलामी दिली, आणि बेटाचा गव्हर्नर योहानस द ग्राफ याच्या हुकमाने किल्ल्यावरून उलट सलामी दिली गेली. लंडनमध्ये यावरून आग लागली, कारण सलामीला सलामी म्हणजे तुम्हाला मोजतो असं सांगणं.

फ्रान्सने तर यासाठी अख्खी बनावट पेढीच काढली. बोमार्शे नावाचा माणूस, धंद्याने आधी घड्याळजी, मग नाटककार, त्याच्या नावावर एक व्यापारी कंपनी दाखवली आणि फ्रान्स आणि स्पेनच्या राजांनी मागून प्रत्येकी 10 लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) घातले. 1777 च्या वसंतात या पेढीची जहाजं तोफा, बंदुका, दारू, तंबू, कपडे घेऊन न्यू हॅम्पशायरच्या पोर्ट्समथला लागली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साराटोगाला बंडखोरांनी ब्रिटिशांची अख्खी फौज शरण आणली. साराटोगामुळे फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला हे सगळ्या पुस्तकांत असतं, पण साराटोगाला लढणाऱ्यांच्या हातात बंदुका कोणी दिल्या हे बऱ्याचदा राहून जातं.

आता तुम्ही विचाराल ब्रिटिशांचं आरमार जगात सगळ्यात मोठं, मग त्यांनी किनारा बंद का नाही केला. उत्तर साधं आहे, किनारा दीडएक हजार मैलांचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या तिप्पटीहून जास्त, त्यात शेकडो खाड्या, आणि 1775 च्या सुरुवातीला तिथे ब्रिटिश जहाजं होती दोन डझनच्या आसपास. शिवाय जी होती त्यांच्यावर रोज नवीन काम, फौजेची ने-आण, रसदीच्या जहाजांना सोबत, नदीतून वर जाऊन गोळाफेक. 1776 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क घ्यायला तर त्यांनी चारशेच्या आसपास जहाजं आणि 30 हजारांवर माणसं आणली, आणि ते काम फत्ते पण झालं. एका ठिकाणी मूठ आवळायची तर ते कोणालाही भारी होते, पण सगळीकडे पहारा ठेवायला हात कमी पडले.

या मोकळ्या जागेत शिरले ते प्रायव्हेटिअर. हा शब्द नीट कळायला हवा. खाजगी मालकाचं जहाज, खाजगी खलाशी, पण खिशात सरकारी परवाना, की शत्रूचं व्यापारी जहाज पकडायचं, बंदरात आणायचं, कोर्टात दाखवायचं आणि कोर्टाने मान्य केलं की माल विकून पैसे वाटून घ्यायचे. परवाना नसेल तर तेच काम चाचेगिरी आणि शिक्षा फाशी. परवाना घेताना जामीन भरावा लागायचा, 100 टनांखालच्या जहाजाला 5 हजार डॉलर आणि त्याहून मोठ्याला 10 हजार, म्हणजे मित्रदेशाचं जहाज लुटलं तर पैसे जप्त. पण कोण परवानाधारक आणि कोण चाचा हे बघणाऱ्यावर ठरतं. कान्होजी आंग्र्यांना छत्रपतींनी सरखेल केलं होतं, ते दस्तक, म्हणजे समुद्रावर फिरायचा परवाना देत होते, न घेणाऱ्याचं जहाज धरत होते, आणि मुंबईचे इंग्रज मात्र त्यांना चाचाच म्हणत राहिले. त्याच इंग्रजांनी 1777 मध्ये कायदा करून समुद्रावर पकडलेल्या अमेरिकनांना खटला न चालवता कोंडून ठेवायची सोय करून घेतली.

काँग्रेसने, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने, युद्धभरात असे 1,700 च्या आसपास परवाने दिले, राज्यांनी दिलेले वेगळे. सेलम, बेव्हर्ली अशा गावांत सुतारापासून भटजीपर्यंत सगळ्यांनी जहाजात हिस्से घेतले. लंडनमध्ये विम्याचे दर चढले, व्यापारी सरकारच्या मागे लागले की आम्हाला सोबतीला लढाऊ जहाजं द्या, आणि मग ती लढाऊ जहाजं अमेरिकेच्या किनाऱ्यावरून कमी झाली. पण मला यात एक नुकसान पण दिसतं आणि ते लपवायला नको. काँग्रेसचं स्वतःचं आरमार 13 ऑक्टोबर 1775 ला सुरू झालं होतं, 13 फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची चपळ लढाऊ जहाजं, बांधायला घेतल्या होत्या, पण खलाशी मिळेनात, कारण सरकारी जहाजावर लुटीचा वाटा कमी, शिस्त जास्त. सगळे प्रायव्हेटिअरकडे पळाले. त्या 13 पैकी काही तर बांधून होतानाच जाळाव्या लागल्या, बाकीच्या एकेक करून बुडाल्या नाहीतर पकडल्या गेल्या.

आणि पकडले गेलेले खलाशी कुठे जायचे? ब्रुकलिनच्या वॉलाबाउट खाडीत ब्रिटिशांनी जुनी जहाजं नांगरून ठेवली होती, डोलकाठ्या काढलेली, खिडक्या बंद केलेली, ती म्हणजे तुरुंग. सगळ्यात बदनाम 'जर्सी', तिच्यात एका वेळी हजारावर माणसं कोंबलेली असायची. देवी, ताप, हगवण, सडकं अन्न. रोज सकाळी पहारेकरी ओरडायचा की मेलेले वर काढा. या सगळ्या तुरुंगजहाजांवर मेलेल्यांचा आकडा 11 हजारांच्या वर धरतात, म्हणजे आठ वर्षांच्या सगळ्या लढायांमध्ये मिळून जेवढे अमेरिकन पडले त्याहून जास्त. या माणसांची नावं फार कोणाला माहीत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. एक नाव मात्र सांगतो, जेम्स फोर्टन, फिलाडेल्फियाचा स्वतंत्र कृष्णवर्णीय मुलगा, वय 14, 'रॉयल लुई' या प्रायव्हेटिअरवर तोफांना दारू पुरवायचं काम. 1781 मध्ये पकडला गेला. ब्रिटिश कप्तानाच्या मुलाशी गोट्या खेळता खेळता त्याची दोस्ती झाली, तर कप्तान म्हणाला चल इंग्लंडला, शिक्षण देतो. पोराने नाही म्हटलं, मी माझ्या देशासाठी कैदी आहे म्हणाला, आणि जर्सीवर गेला. जिवंत सुटला, पुढे शिडं शिवायचा मोठा कारखाना त्याने चालवला आणि ती कमाई गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत घातली.

काँग्रेसच्या आरमारातला कप्तान जॉन पॉल जोन्स, त्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्याच्याबद्दल थोडक्यात. 23 सप्टेंबर 1779 ला इंग्लंडच्या फ्लॅमबरो हेडच्या समोर त्याच्या 'बोनॉम रिशार'ने ब्रिटिशांच्या 'सेरापिस'ला जहाजाला जहाज बांधून, रात्री चंद्राच्या उजेडात तीन-साडेतीन तास लढत शरण आणलं. त्याचं जहाज म्हणजे आधी पूर्वेकडे व्यापाराला जाणारं फ्रेंच जहाज होतं, जुनं झालेलं, ते लढाईनंतर बुडालंच. शौर्यात काहीच कमी नाही. पण सेरापिस ज्या ताफ्याला सोबत करत होतं, बाल्टिककडून आरमाराचं सामान घेऊन येणारी चाळीसेक जहाजं, ती सगळी सुखरूप निसटली, आणि त्यासाठीच हरलेल्या ब्रिटिश कप्तानाला राजाने सर ही पदवी दिली. मालाच्या हिशोबाने बघितलं तर त्या रात्री इंग्लंड जिंकलं होतं. आणि डोलकाठीचं लाकूड, ताग, डांबर हे सामान इंग्लंडला किती महत्त्वाचं झालं होतं बघा, कारण मोठ्या डोलकाठ्यांचे पाइन वृक्ष आधी न्यू इंग्लंडच्या जंगलातून यायचे, ज्यावर राजाची बाणाची खूण कोरलेली असायची, आणि ती जंगलं आता बंडखोरांकडे.

1778 मध्ये फ्रान्स, 1779 मध्ये स्पेन आणि 1780 च्या शेवटी हॉलंड, तिघेही युद्धात आले, आणि इंग्लंडला अमेरिकेबरोबर वेस्ट इंडीजची साखरेची बेटं, जिब्राल्टर, भारत आणि स्वतःचं घर, सगळंच राखायची वेळ आली. एक गोष्ट त्यांनी फार हुशारीने केली, जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारले, त्यामुळे लाकूड पोखरणारा किडा लागत नाही, शेवाळ धरत नाही आणि जहाज पळतं जोरात. दोन-तीन वर्षांत जवळपास अख्ख्या आरमाराला तांबं चढवलं. तरी जहाजं कमीच पडत होती.

आता येऊ 1781 वर, आणि हा भाग नीट वाचा. फेब्रुवारीत ब्रिटिश अॅडमिरल रॉडनीने सेंट युस्टेशस घेतलं. गोदामं भरलेली, बंदरात शंभरावर जहाजं. त्याने डच झेंडा तसाच फडकत ठेवला म्हणजे बाहेरून येणारी जहाजं आपोआप सापळ्यात येतील, आणि लूट मोजण्यात, लिलाव करण्यात तो कित्येक आठवडे तिथेच अडकला. लूट घेऊन निघालेला ताफा पण मे महिन्यात इंग्लंडजवळ फ्रेंचांनी गाठला आणि बराचसा माल गेला. तेवढ्यात फ्रेंच अॅडमिरल द ग्रास वेस्ट इंडीजला येऊन पोचला होता.

कॅरिबियनमध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर चक्रीवादळांचा हंगाम, तेव्हा मोठी आरमारं तिथून उत्तरेला सरकायची. द ग्रासपुढे प्रश्न असा, की साखर-कॉफीने भरलेली फ्रेंच व्यापारी जहाजं युरोपला न्यायला काही लढाऊ जहाजं द्यायची की नाही. त्याने ठरवलं, व्यापारी थांबतील, बंदरातच बसतील, मी सगळीच्या सगळी जहाजं घेऊन उत्तरेला जातो. शिवाय 3 हजारांवर सैनिक घेतले आणि हवानाहून 12 लाख लिव्र रोख. रॉडनी आजारी, तो काही जहाजं घेऊन घरी गेला, काही व्यापाऱ्यांच्या सोबतीला दिली, आणि हूड नावाच्या अॅडमिरलबरोबर अमेरिकेला पाठवली फक्त 14. एकाने व्यापार थांबवून आरमार एकत्र ठेवलं, दुसऱ्याने व्यापार सांभाळत आरमार वाटून टाकलं. माझ्या मते युद्धाचा निकाल त्याच वेळी लागला, तोफ उडाली नंतर.

5 सप्टेंबर 1781, चेसापीक खाडीचं तोंड. आत यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस सात-आठ हजार माणसांसह बसलाय, समुद्राकडून आपलं आरमार येईल या भरवशावर. हूडची जहाजं धरून ब्रिटिश अॅडमिरल ग्रेव्हजकडे 19 मोठी लढाऊ जहाजं, द ग्रासकडे 24, आणि फ्रेंचांचे शेकडो खलाशी होड्या घेऊन सैनिक उतरवायला गेलेले. ब्रिटिशांना वारा मागून, म्हणजे वरच्या अंगाला तेच. फ्रेंचांनी नांगराचे दोर तोडले आणि भरतीचं पाणी फिरल्यावर दुपारी एकेक करून विस्कळीत बाहेर पडले. त्याच वेळी झडप घातली असती तर! पण ग्रेव्हजने आधी आपली रांग नीट लावली. त्या काळची नौदल लढाई म्हणजे रांगेची, कारण तोफा जहाजाच्या कुशीला असतात, पुढे-मागे नसतात, म्हणून एकामागे एक जहाजं लावून कुशी शत्रूकडे करायची. मग त्याने दोन निशाणं फडकवली, एक म्हणतं रांग सोडू नका आणि दुसरं म्हणतं जवळ जाऊन भिडा. तिरक्या रांगेत पुढची जहाजं भिडली, मागे असलेल्या हूडच्या जहाजांनी रांग पाळली आणि ती लढाईत जवळपास आलीच नाहीत. दोन-अडीच तासांत अंधार पडला. एकही जहाज त्या संध्याकाळी बुडालं नाही. मोडकळीला आलेलं 'टेरिबल' ब्रिटिशांनी काही दिवसांनी स्वतःच जाळून टाकलं.

पुढचे काही दिवस दोन्ही आरमारं एकमेकांना बघत दक्षिणेला वाहत गेली, आणि तेवढ्यात रोड आयलंडहून द बारास नावाचा दुसरा फ्रेंच सेनानी यॉर्कटाउनला वेढा घालायच्या जड तोफा घेऊन गुपचूप खाडीत शिरला. द ग्रास परत येऊन त्याला मिळाला आणि फ्रेंच जहाजं झाली 36. ग्रेव्हज दुरुस्तीला न्यूयॉर्कला परत. 19 ऑक्टोबरला कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली, आणि त्याच दिवशी त्याला सोडवायला निघालेलं आरमार न्यूयॉर्कहून समुद्रात पडत होतं.

हाच कॉर्नवॉलिस 1786 मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांबरोबर श्रीरंगपट्टणला जाऊन उभा राहिला. पण त्याआधीच हे युद्ध आपल्या पाण्यात पोचलं होतं. 1777 मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणवीसांकडे आला, आणि फ्रेंचांना चौलचं बंदर मिळणार या भीतीने मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली, मराठ्यांवर चाल करायला त्यांना तेवढं कारण मिळालं. ऑगस्ट 1780 मध्ये स्पेन-फ्रान्सच्या आरमाराने इंग्लंडहून निघालेला एक ताफा जवळपास अख्खा पकडला, पन्नासवर जहाजं, त्यात पाच ईस्ट इंडिया कंपनीची, भारताकडे निघालेली. मग सुफ्रां हा फ्रेंच सेनानी बंगालच्या उपसागरात आला आणि 1782-83 मध्ये ब्रिटिशांच्या ह्यूजशी पाच वेळा भिडला. ह्यूजला फुटकी जहाजं दुरुस्त करायला पूर्व किनाऱ्यावर ईशान्येच्या पावसात जागाच नव्हती, त्याला वळसा घालून मुंबईला यावं लागलं, कारण मोठी लढाऊ जहाजं कोरडी करून बुडापासून डागडुजी करायच्या गोद्या मुंबईतच होत्या, वाडिया घराण्यातल्या पारशी सुतारांच्या हाताखालच्या.

पाचवी लढाई 20 जून 1783 ला तमिळ किनाऱ्यावर कडलूरसमोर झाली. युरोपात तहाचा मसुदा जानेवारीतच सही झाला होता, पण बातमीलाही शिडाच्याच जहाजाने यावं लागत होतं. लढाईनंतर नवव्या दिवशी मद्रासहून पांढरं निशाण लावून एक ब्रिटिश जहाज आलं, आणि तेव्हा कुठे सुफ्रांला कळलं की युद्ध पाच महिन्यांपूर्वी संपलंय.